गेटटीटीवायएंट आणि त्याचा गोतावळा: टर्मिनलच्या नोंदी वाचणाऱ्या सी फंक्शनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही फंक्शनं नेमकं काय वाचतात?

/ईटीसी/टीटीवायएस नावाची एक साधी मजकूर फाइल. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या यंत्रणांमध्ये यंत्र सुरू होताना इनिट (इतर प्रोसेस सुरू करणारी क्रमांक १ची प्रोसेस) ही फाइल वाचतो आणि कोणत्या टर्मिनलवर लॉगिनची पाटी टांगायची, कोणता प्रोग्राम चालवायचा हे ठरवतो. इतर प्रोग्रामांनाही हीच माहिती लागते. प्रत्येकाने ओळी फोडायचा कोड नव्याने लिहू नये म्हणून सी लायब्ररीत ही फंक्शनं दिलेली आहेत. ती ४.३बीएसडीपासून, म्हणजे १९८६पासून आहेत. पॉझिक्स या युनिक्सच्या सामायिक मानकात ती कधीच आली नाहीत, त्यामुळे प्रत्येक यंत्रणेत त्यांची वागणूक थोडी थोडी वेगळी आहे.

मुख्य फंक्शनं चार: सेटटीटीवायएंट फाइल उघडतं किंवा सुरुवातीला नेतं, गेटटीटीवायएंट पुढची नोंद देतं, गेटटीटीवायनॅम नावावरून नोंद शोधतं आणि एंडटीटीवायएंट फाइल बंद करतं. फ्रीबीएसडीत इझडायलअपटीटीवाय आणि इझनेटटीटीवाय ही आणखी दोन मिळतात. इथे नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन छोट्या अक्षरांत, अधोरेखा न घालता सलग लिहायची. ‘गेट’चा शेवटचा टी आणि ‘टीटीवाय’चे दोन मिळून सलग तीन टी येतात. त्यातला एक गळला की कंपायलर ‘असं फंक्शन जाहीरच केलेलं नाही’ म्हणून तक्रार करतो.

हेडर टीटीवायएंट.एच. लिंक करताना वेगळी लायब्ररी लागत नाही.

टर्मकॅप, टर्मइन्फो, टर्मिऑस यांच्यापेक्षा हे वेगळं कसं?

चारही गोष्टींची गल्लत सर्रास होते. टर्मकॅप आणि टर्मइन्फो हे टर्मिनलच्या जातीचं वर्णन आहे: पडदा कसा पुसायचा, कर्सर कसा हलवायचा. त्यासाठी टीगेटएंट किंवा सेटअपटर्म ही फंक्शनं. टर्मिऑस म्हणजे उघड्या टर्मिनलची या क्षणाची अवस्था, म्हणजे वेग, एको वगैरे. ती टीसीगेटअ‍ॅट्रने वाचतात. गेटीटॅब ही गेटी, म्हणजे टर्मिनलवर लॉगिनची पाटी टांगणारा प्रोग्राम, त्याची स्वतःची सेटिंगं. आणि टीटीवायएस फाइल सांगते की या यंत्राला कोणकोणत्या लाइनी आहेत आणि त्यांचं काय करायचं.

यांना जोडणारा दुवा एकच: टीटीवायएसमधल्या नोंदीत टर्मिनलच्या जातीचं नाव असतं, आणि तेच नाव टर्मकॅपमध्ये शोधायला वापरतात. बीएसडीवर लॉगिन प्रोग्राम टर्म हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरताना गरज पडली तर हाच मार्ग धरतो.

एका ओळीत काय काय असतं?

फ्रीबीएसडीतली सिरियल पोर्टची एक नमुन्याची ओळ अशी:

टीटीवाययू० "/यूएसआर/लिबएक्झेक/गेटी ३वायर" व्हीटी१०० ऑनइफकन्सोल सिक्युअर

पहिला रकाना डिव्हाइसचं नाव, /डेव्ह/ वगळून. दुसरा चालवायची आज्ञा. तिच्यात मोकळी जागा असल्यामुळे ती दुहेरी अवतरणात. तिसरा टर्मिनलची जात. त्यापुढे शेवटपर्यंत फ्लॅगचे शब्द. रकान्यांमध्ये स्पेस किंवा टॅब चालतो. रिकाम्या ओळी आणि हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी फंक्शन स्वतःच गाळतं, तुमच्यापर्यंत येऊ देत नाही. ओळीच्या शेवटी हॅश देऊन टिप्पणी लिहिता येते. अवतरणाच्या आतलं हॅश मात्र टिप्पणी धरलं जात नाही.

मिळणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये कोणते भाग असतात?

टीवाय_नेम, टीवाय_गेटी, टीवाय_टाइप, टीवाय_विंडो आणि टीवाय_कॉमेंट हे स्ट्रिंगचे पॉइंटर, आणि टीवाय_स्टेटस हा पूर्णांक. एवढे सगळीकडे मिळतात. फ्रीबीएसडीत टीवाय_ग्रुप जास्तीचा आहे. ओळीत ग्रुप दिलेला नसेल तर त्यात ‘नन’ हा शब्द येतो. नेटबीएसडीत टीवाय_क्लास आहे. मॅकओएसमध्ये टीवाय_ऑनएरर आणि टीवाय_ऑनऑप्शन ही आणखी दोन.

यातल्या टीवाय_नेमवर डोळे मिटून विसंबायला हरकत नाही. बाकीचे पॉइंटर नल असू शकतात. ओळीत नुसतं नावच असेल तर टीवाय_गेटी आणि टीवाय_टाइप दोन्ही नल येतात. टिप्पणी नसेल तर टीवाय_कॉमेंट नल, आणि विंडो तर बहुतेक ओळींत नसतेच. ग्लिबसीचं (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं) प्रिंटएफ नल स्ट्रिंग दिली तरी कंसात ‘नल’ छापून वेळ निभावून नेतं, म्हणून चाचणीत चूक दिसत नाही. तोच पॉइंटर एसटीआरसीएमपीला दिला की प्रोग्राम तिथेच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो.

उलट बाजूची फसगतही आहे. दुसऱ्या रकान्यात ‘नन’ लिहिलेलं असेल तर टीवाय_गेटी नल येत नाही, ‘नन’ ही चार अक्षरांची स्ट्रिंग येते. ती आज्ञा समजून चालवू नका.

टीवाय_स्टेटस कसं तपासायचं?

बिटनिहाय अँड करून, बरोबरीच्या चिन्हाने नाही. टीटीवाय_ऑनची किंमत १, टीटीवाय_सिक्युअरची २. फ्रीबीएसडीत टीटीवाय_डायलअप ४ आणि टीटीवाय_नेटवर्क ८. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीमध्ये सिरियल लाइनीच्या वागणुकीचे वेगळे फ्लॅग आहेत (लोकल, सॉफ्टकार, आरटीएस-सीटीएस, एमडीएमबफ). म्हणून कोडमध्ये आकडे टंकू नका, हेडरमधली नावंच वापरा. ‘स्टेटस बरोबर टीटीवाय_ऑन’ अशी तुलना केलीत, तर ऑन आणि सिक्युअर दोन्ही असलेली लाइन तुमच्या प्रोग्रामला बंद वाटेल, कारण तिची किंमत ३ आहे.

ऑनइफएक्झिस्ट्स आणि ऑनइफकन्सोल हे फ्रीबीएसडीचे दोन शब्द जरा निराळे आहेत. ते दिसले की लायब्ररी ओळ वाचतानाच डिव्हाइस खरोखर आहे का, किंवा ते कर्नलचं कन्सोल आहे का, हे बघते आणि तसं असेल तर टीटीवाय_ऑन चढवते. म्हणजे ऑनचा बिट हा त्या क्षणापुरता असतो. यूएसबी सिरियल अडॅप्टर नंतर लावला, तर आधी वाचून ठेवलेली किंमत शिळी होते.

फाइलमध्ये ‘सिक्युअर’ लिहिलंय, तरी बिट शून्य का येतो?

बहुधा त्याच्या आधी लायब्ररीला न कळणारा एखादा शब्द आहे. फ्लॅग वाचणारा लूप ओळखीचे शब्द मिळत राहतील तोवरच पुढे जातो. अनोळखी शब्द आला की तिथेच थांबतो. कसलीही चूक कळवत नाही, पुढचे सगळे फ्लॅग निमूटपणे सोडून देतो. ‘ऑन’ नंतर ‘सिक्योर’ असं चुकीच्या स्पेलिंगने लिहिलं आणि पुढे ‘ग्रुप=’ दिलं, तर दोन्ही गेले.

एका यंत्रणेची फाइल दुसरीकडे उचलून नेली की हा प्रकार हमखास होतो. ग्लिबसीला फक्त ऑन, ऑफ, सिक्युअर आणि विंडो एवढेच शब्द ठाऊक आहेत. फ्रीबीएसडीतली ‘नेटवर्क सिक्युअर’ अशी जोडी तिथे ‘नेटवर्क’वरच अडकते. फाइल तपासणारी स्क्रिप्ट लिहायची असेल तर शब्दांची यादी त्या त्या यंत्रणेच्या हेडरमधून घ्या.

जाता जाता एक. ऑन आणि ऑफ दोन्ही एकाच ओळीत आले तर नंतरचा जिंकतो.

लूप लिहायची योग्य पद्धत कोणती?

आधी सेटटीटीवायएंट बोलवा आणि त्याचं उत्तर तपासा. इथे युनिक्सची नेहमीची सवय उलटी फिरते: यश आलं तर १, अपयश आलं तर ०. ‘शून्य म्हणजे ठीक’ असं गृहीत धरून लिहिलेली अट नेमकी उलटी चालते, आणि फाइल उघडली असताना प्रोग्राम ‘उघडली नाही’ म्हणतो.

मग गेटटीटीवायएंट नल देईपर्यंत लूप चालवा. प्रत्येक फेरीत हवे ते भाग स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्या. लूप संपला की एंडटीटीवायएंट. सेटटीटीवायएंट न बोलावता थेट गेटटीटीवायएंट बोलावलं तरी ते स्वतः फाइल उघडतं, पण मग नल आल्यावर कारण कळत नाही. फाइल संपली, फाइलच नाही, मेमरी मिळाली नाही: तिन्हीचं उत्तर नलच. सेटटीटीवायएंट वेगळं बोलावल्याने निदान ‘फाइल उघडलीच नाही’ हा प्रकार वेगळा काढता येतो, आणि तिथे ईआरआरएनओ (चुकीचा क्रमांक) पाहता येतो.

लूपमध्ये गेटटीटीवायनॅम बोलावलं आणि प्रोग्राम थांबतच नाही. का?

ही या फंक्शनांमधली सगळ्यांत जुनी खोड. गेटटीटीवायनॅम आतून सेटटीटीवायएंट बोलावून फाइल सुरुवातीला नेतं, हवं ते नाव सापडेपर्यंत गेटटीटीवायएंट फिरवतं आणि शेवटी एंडटीटीवायएंट करून फाइल बंद करतं. पूर्ण प्रोग्रामसाठी उघड्या फाइलचं हँडल एकच असतं. तुमचा लूप सातव्या नोंदीवर असताना गेटटीटीवायनॅम बोलावलं, तर पुढचं गेटटीटीवायएंट आठवी नोंद देत नाही. फाइल पुन्हा उघडून पहिली देतं. सातव्या नोंदीवर पुन्हा तेच. चक्र सुरू.

टीटीवायस्लॉटही ग्लिबसीत याच फंक्शनांवर उभं आहे, इझडायलअपटीटीवाय आणि इझनेटटीटीवायही तशीच. म्हणजे लूपमधून बोलावलेल्या परक्या लायब्ररीनेही हा घोळ घालता येतो. उपाय सोपा: एकदाच सगळी फाइल वाचून स्वतःची यादी करा, फाइल बंद करा, आणि शोधाशोध त्या यादीत करा. फाइल लहान असते, त्यामुळे मेमरीची चिंता नको.

नोंद जपून ठेवायची असेल तर?

स्ट्रक्चरची नुसती नेमणूक पुरत नाही. तिने पॉइंटर तेवढे उतरतात. ते ज्या मजकुराकडे बोट दाखवतात तो लायब्ररीच्या एकाच बफरमध्ये असतो आणि पुढच्या बोलावण्यात पुसला जातो. याचं ठळक लक्षण म्हणजे यादी छापल्यावर टर्मिनलांच्या नावांच्या जागी शेवटच्या ओळीचे तुकडे दिसणं. फ्रीबीएसडीत लांब ओळ आली की हा बफर मोठा केला जातो आणि मेमरीतली त्याची जागाही बदलू शकते. मग जुने पॉइंटर थेट मोकळ्या केलेल्या मेमरीत जातात. हा दोष लांब ओळ आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो जास्त त्रासाचा.

प्रत्येक स्ट्रिंगची एसटीआरडीयूपीने प्रत काढा, पण नल तपासून, कारण एसटीआरडीयूपीला नल चालत नाही. गेटटीटीवायनॅमच्या उत्तरालाही हेच लागू. फाइल बंद झाली तरी बफर तसाच राहतो, म्हणून उत्तर लगेच वापरता येतं. एकाच वेळी दोन नावांच्या नोंदी हव्या असतील तर पहिलीची प्रत आधी.

थ्रेडमध्ये वापरता येतात का?

नाही. शेवटी अधोरेखा-आर असलेली सुरक्षित आवृत्ती या फंक्शनांना नाही. सगळा वापर एका म्युटेक्सच्या आत ठेवा, किंवा थ्रेड सुरू होण्याआधीच यादी वाचून घ्या. दुसरा मार्ग बरा.

गेटटीटीवायनॅमला नाव कसं द्यायचं?

फाइलमध्ये जसं आहे तसं, म्हणजे /डेव्ह/ काढून. टीटीवायनेम फंक्शन पूर्ण मार्ग देतं, त्यामुळे पुढची पाच अक्षरं सोडून पॉइंटर द्यावा लागतो. फ्रीबीएसडीची लायब्ररी हे काम स्वतःच करते, ग्लिबसी करत नाही. तुम्ही स्वतः केलंत तर दोन्हीकडे चालतं.

शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा भाग कापून घेण्याची सवय मात्र टाळा. /डेव्ह/पीटीएस/३ मधून नुसता ‘३’ उरतो, आणि त्या नावाची नोंद कुठेच नसते. ‘पीटीएस/३’ एवढं उरायला हवं.

एसएसएचने किंवा एक्सटर्मसारख्या खिडकीतून आलेल्या टर्मिनलची नोंद फाइलमध्ये नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे नल आला तर ती चूक समजून प्रोग्राम बंद करू नका.

या नोंदीवरून रूटचं (सर्वाधिकार असलेल्या खात्याचं) लॉगिन अडवता येतं का?

बीएसडीवर हेच होतं. टीटीवाय_सिक्युअर असलेल्या टर्मिनलवरच रूटला थेट आत येता येतं; फ्रीबीएसडीत पॅम_सिक्युअरटीटीवाय हे लॉगिनची परवानगी तपासणारं मॉड्यूल हाच बिट पाहतं. कन्सोलच्या ओळीत ‘सिक्युअर’च्या जागी ‘इनसिक्युअर’ लिहिलं तर फ्रीबीएसडी एकल वापरकर्ता अवस्थेत जातानाही रूटचा पासवर्ड मागतं. तो विसरलात तर बाहेरून बूट करण्याशिवाय गत्यंतर नाही, हे लक्षात ठेवून बदल करा.

स्वतःचा असा प्रोग्राम लिहिताना नल आला की उत्तर ‘नाही’ असंच धरा. नोंद सापडली नाही म्हणून परवानगी देणारा कोड म्हणजे सताड उघडं दार.

डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, फाइल पुन्हा वाचतो, पण बदल दिसत नाहीत. काय चुकतंय?

फाइल आधीच उघडी असेल तर सेटटीटीवायएंट ती नव्याने उघडत नाही, फक्त वाचायची जागा सुरुवातीला नेतं. बरेच संपादक जतन करताना नवी फाइल लिहून जुन्या नावावर आणून ठेवतात. तुमच्या डीमनच्या हातात मात्र जुनीच फाइल असते, जी आता डिरेक्टरीत दिसतही नाही. तुम्ही कितीही वेळा रिवाइंड करा, जुनाच मजकूर मिळणार. पुन्हा वाचण्याआधी एंडटीटीवायएंट, मग सेटटीटीवायएंट. दर वाचनानंतर फाइल बंद करायची सवय असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

फाइल बदलली, तरी लॉगिनची पाटी आली नाही. मग?

ही फंक्शनं फाइल वाचतात. फाइलमध्ये ‘ऑन’ आहे याचा अर्थ त्या लाइनीवर गेटी आत्ता चालू आहे असा नाही. इनिटला सांगावं लागतं: क्रमांक १च्या प्रोसेसला हँगअप सिग्नल पाठवा, म्हणजे इनिट फाइल पुन्हा वाचतो. ज्या लाइनी ऑन झाल्या त्यांवर दुसऱ्या रकान्यातली आज्ञा सुरू करतो, आणि ज्या ऑफ झाल्या त्यांवरच्या सत्राच्या मुख्य प्रोसेसला हँगअप पाठवतो. म्हणजे कोणी त्या टर्मिनलवर काम करत असेल तर त्याचं सत्र तुटेल, आधी पाहून घ्या.

लॉगमध्ये गेटी फार भराभर सुरू होत असल्याचा संदेश आला आणि इनिट ३० सेकंद झोपला, तर दुसऱ्या रकान्यातला मार्ग, गेटीटॅबमधलं नाव आणि डिव्हाइस ही तीन ठिकाणं या क्रमाने तपासा.

या फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन या संचात नाही. बदल करणाऱ्या प्रोग्रामने ओळी स्वतः सांभाळाव्या लागतात, टिप्पण्यांसकट.

लिनक्सवर नेहमी नलच का येतो?

कारण लिनक्सवर सहसा ही फाइलच नसते. ग्लिबसीत फंक्शनं आहेत, प्रोग्राम कंपाइल होतो, लिंक होतो, चालतो. फक्त सेटटीटीवायएंट ० देतं आणि गेटटीटीवायएंट नल. म्हणून कंपाइल झालं याला आधार मानू नका. मसल या लिनक्सवरच्या दुसऱ्या सी लायब्ररीत तर हे हेडरच नाही, तिथे प्रोग्राम कंपाइलच होत नाही. आमच्या मते हे जास्त प्रामाणिक.

चाचणीसाठी लिनक्सवर फाइल स्वतः बनवली तर ग्लिबसीच्या दोन मर्यादा आड येतात. ओळीचा बफर १०० अक्षरांचा आहे. त्यात न मावणारी ओळ आख्खीच्या आख्खी गाळली जाते. आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला नवी ओळ हे अक्षर नसेल, तर तीही लांब ओळ समजून गाळली जाते. शेवटचं टर्मिनल यादीतून गायब असेल तर आधी फाइलचं टोक बघा.

मग लिनक्सवर हीच माहिती कुठून घ्यायची?

एकाच जागी ती नाही. इनिटचं काम सिस्टमडी करत असेल तर लाइनी गेटी@ आणि सिरियल-गेटी@ या सर्व्हिस युनिटांत असतात. जुन्या सिस-व्ही पद्धतीच्या इनिटमध्ये /ईटीसी/इनिटटॅबमधल्या रिस्पॉन ओळींत. रूटला कुठून येऊ द्यायचं हे, पॅम_सिक्युअरटीटीवाय चालू असेल तर, /ईटीसी/सिक्युअरटीटीवाय ठरवतं. चालू कन्सोल कोणतं हे /एसवायएस/क्लास/टीटीवाय/कन्सोल/अ‍ॅक्टिव्ह या फाइलमध्ये मिळतं. टर्मिनलची जात हवी असेल तर टर्म व्हेरिएबल वाचा.

दोन्हीकडे चालणारा कोड कसा लिहावा?

कॉन्फिगर करताना हेडर आणि गेटटीटीवायनॅम दोन्ही आहेत का हे वेगवेगळं तपासा. टीवाय_ग्रुप, टीवाय_क्लास यांसारखे भाग वापरायचे असतील तर स्ट्रक्चरमध्ये तो भाग आहे का, हीही तपासणी ऑटोकॉन्फमध्ये करता येते. यंत्रणेच्या नावावरून अंदाज बांधू नका. टीटीवाय_डायलअपसारख्या फ्लॅगांभोवती इफडेफ घाला. मग एकच छोटं फंक्शन लिहा, जे टर्मिनलचं नाव घेईल आणि तुमच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये जात आणि परवानगी भरून देईल. त्याच्या आत बीएसडीसाठी गेटटीटीवायनॅम, लिनक्ससाठी टर्म आणि तिथली व्यवस्था. सिस्टमचं स्ट्रक्चर त्या फंक्शनाबाहेर जाऊ देऊ नका. मग बफर पुसला जाणं, नल पॉइंटर, जास्तीचे भाग हे सगळं एकाच फाइलमध्ये अडवून ठेवता येतं.